सव्वा मीटरच्या आत

२ एप्रिल, परभणी

आजपासून पुन्हा नोकरी! निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी नळाला पाणी किती मिनिटं येतं, कूलर दिवसाला किती बादल्या पितो आणि शेजारच्या भिंतीची सावली किती वाजता आमच्या ओट्यावरून निघून जाते, याच्या रोज नोंदी ठेवल्या. कमलबाई, म्हणजे आमची मंडळी, म्हणायची, "अहो, कुणी मागितल्यात का ह्या?" आता मागितल्या.

योगीराज माझा जुना विद्यार्थी. मी कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत बत्तीस वर्षं निरीक्षक होतो, तेव्हा हा पोरगा वाऱ्याचं यंत्र उलटं धरायचा. आता पुण्यात त्याची हवामानाची कंपनी आहे. काम असं आहे. गुजरातच्या किनाऱ्यापासून पंचवीस किलोमीटर आत, भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्यात. त्याआधी तिथं एक लोखंडी मचाण रोवलंय आणि त्यावर वारा मोजायचं यंत्र बसवलंय, खाली लाट मोजायचंही. वाऱ्याचं यंत्र बिघडलंय, म्हणून रोज सकाळी बंदरातून बोट सात माणसं घेऊन तिकडं जाते. बोट खालीवर होत असताना माणसानं मचाणाच्या शिडीवर पाय टाकायचा. लाट सव्वा मीटरच्या आत असेल तरच टाकायचा, नाहीतर पाय बोट आणि शिडीच्या मध्ये सापडतो. पुण्याहून मशीन आकडेमोड करून दिवसभराच्या वाऱ्याचा आणि लाटेचा तक्ता पाठवतं. मी तो तपासायचा, साडेपाचच्या आत खाली 'जा' नाहीतर 'नको' लिहायचं आणि सही ठोकायची. करारातच लिहिलंय की वीस वर्षांवर अनुभव असलेल्या माणसाची सही पाहिजे. योगीराज म्हणाला, "सर, नुसती फॉर्मॅलिटी आहे." हल्लीची पोरं अनुभवाला फॉर्मॅलिटी म्हणतात.

त्या सात माणसांत आमची लेक शिवकन्या आहे. यंत्र दुरुस्त करते. हे मी योगीराजला सांगितलेलं नाही आणि माझ्या नोकरीचं शिवकन्याला सांगितलेलं नाही. बुलेटिनवर नाव नसतं, नुसती आद्याक्षरं असतात. कामात नातं आणायचं नाही, हा माझा बत्तीस वर्षांचा नेम आहे. भीतीबिती म्हणाल तर ती कमलला असेल, आई आहे शेवटी. आत्ता ती घोरायलीय.

३ एप्रिल

पहिलं बुलेटिन. नको.

तक्त्यात लाट ऐंशी सेंटिमीटर होती, वाराही बेताचाच. पण एप्रिलच्या वाऱ्याचा मला अनुभव आहे. दुपारी दोन तेवीसला तो एकदम उठतो. (वेधशाळेची नोंद सकाळी सात तेवीसला आणि दुपारी दोन तेवीसलाच घ्यायची असते, सातला-दोनला नाही. हे आता कुणाला माहीत नाही.) परभणीचा वारा उठतो तर समुद्रावरचा का उठणार नाही?

तक्त्यात नऊ रकाने आहेत. शेवटचे दोन दूरच्या लाटेचे, म्हणजे दक्षिणेकडून कुठून तरी चालत येणाऱ्या लाटेचे. ते मी न वाचताच सोडतो. वारा नसेल तर लाट कशाची? पाण्याचा मला अनुभव नाही असं कुणी म्हणू नये. वेधशाळेत बाष्पीभवनाचं पात्र होतं, चार फूट व्यासाचं, पाणी काठोकाठ. वारा पडला की त्यात माझा चेहरा दिसायचा, वारा सुटला की दिसायचा नाही. बत्तीस वर्षांत याला एकदाच अपवाद झाला, तेव्हा आत कावळा आंघोळ करत होता.

५ एप्रिल

नको. कालही नकोच होतं.

संध्याकाळी शिवकन्याचा फोन आला. आवाज चिडलेला. "आबा, कोन म्हातारा बसवलाय की बुलेटिन लिव्हायला! तीन दिस झाले, समुद्र कसा गप पडलाय आन् हा रोज नको म्हनायलाय. आमी बंदरावर पत्ते खेळायलोत."

मी म्हणालो, "म्हातारा कशावरून?"

"लिहिलं कसंय बघा ना. 'अनुभवास अनुसरून नको.' असं कोन लिव्हतंय आता?"

मी म्हणालो, अनुभवी माणसाबद्दल आदरानं बोलावं. ती लय हसली. पत्ते खेळतात म्हणाली, ते ऐकून मात्र बरं वाटलं. सावलीत बसून पत्ते खेळण्यात काही वाईट नाही.

९ एप्रिल

बेचाळीस अंश. नको.

गल्लीत बातमी फुटलीय. फोडणारी कमलच असणार. सकाळी शेजारच्या पार्वतीबाई गव्हाच्या चिकाचं पातेलं घेऊनच दारात उभ्या. "भावजी, आज कुरडया घालू का? दुपारून आभाळ यील का?"

मी म्हणालो, "माझ्याकडं फक्त समुद्राचं खातं आहे."

"अवो, समुद्रात कोन कुरडया घालायलंय?"

"तिथं पवनचक्क्या घालायच्यात."

"मग चक्क्यांना वाळवण कशाला लागतंय? मला सांगा की, घालू का नको?"

जिभेवर आलेलंच होतं, म्हणून म्हणालो, "नको." बिचारीनं चिक फ्रिजमध्ये ठेवला. दिवसभर इतकं कडक ऊन पडलं की गच्चीवर पापड भाजले असते. संध्याकाळी पार्वतीबाई कमलला मोठ्यानं म्हणाल्या, "तुमच्या मालकाला समुद्राचंच बघू द्या, तिथं आपलं कुणी न्हाई." कमल माझ्याकडं बघत भाकरी थापत राहिली.

१२ एप्रिल

योगीराजचा फोन. आधी तब्येत विचारली, म्हणजे मी समजलो.

"सर, दहा दिवसांत तुम्ही नऊ वेळा नको लिहिलं. मचाणावरच्या लाटेच्या यंत्रानं मोजलेली लाट एकदाही एक मीटरच्या वर गेलेली नाही."

मी म्हणालो, "जाऊ शकली असती."

"सर, वीस मेनंतर समुद्र खवळतो, मग पाऊसकाळ संपेपर्यंत बोट बंद. वाऱ्याचं यंत्र त्याच्या आत नीट झालं नाही तर सगळं वर्ष वाया. पवनचक्कीवाले यंत्र काढून नेतील आणि तिथल्या तंत्रज्ञांना घरी पाठवतील."

"घरी म्हणजे आपापल्या घरी?" मी विचारलं.

"हो सर."

"मग ते वाईटच," मी म्हणालो. पण बोलायला मला थोडा उशीर झाला.

कमलला सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी तीन वर्स त्या कामासाठी झटली. घरी आली तर तोंड तरी बघावं वाटंल का तिचं?" बायकांना धंद्यातलं काही कळत नाही. तरी रात्रीचं जेवण गेलं नाही. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त होतं बहुतेक.

१३ एप्रिल

शिवकन्याचा फोन. आज चिडलेली नव्हती, गोड बोलत होती. अशी गोड बोलली की मला तिची जास्त फिकीर वाटते.

"आबा, त्या बुलेटिनवाल्याचा मी लय विचार केला. मानूस वाईट नसंल. रोज सात तेवीसला च्या पीत असंल, दोन तेवीसला बाहीर यिऊन वारा बघत असंल."

"असेल," मी म्हणालो.

"त्याचं कुनीतरी बोटीवर असंल बघा. त्याबगर मानूस इतकं भेत न्हाई."

मी म्हणालो, पुराव्याशिवाय असली विधानं करू नयेत. मग ती म्हणाली, "आबा, मला भ्या वाटत न्हाई असं न्हाई. पर मला ते काम करायचंय. तुमाला तो मानूस कधी भेटला तर सांगा." मी म्हणालो, तो मला कुठं भेटणार? पण सात तेवीसचं हिला कसं सुचलं कोण जाणे. पोरगी मनकवडी आहे.

१८ एप्रिल

मनावर दगड ठेवला आणि पंधरा तारखेपासून रोज 'जा' लिहायलोय. योगीराजनं सांगितलंय, हा आठवडा बघतो, नाहीतर सही दुसऱ्याची.

चारही दिवस बोट गेली आणि आली. मी अगदी शांत होतो. कमल म्हणते, मी सकाळपासून कडुनिंबाला चार वेळा पाणी घातलं आणि फोन चार्जरला लावून वर पुन्हा बॅटरी बघत बसलो. बाईला अतिशयोक्तीची सवय आहे. पाणी तीनदाच घातलं.

२३ एप्रिल, सकाळ

आजचं बुलेटिन माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम. वारा ताशी तीन किलोमीटर! तीन! पार्वतीबाईंच्या तव्यावरची वाफसुद्धा हलणार नाही. दहा वाजताच्या ओळीवर मशीननं पिवळा रंग भरला होता, म्हणजे 'सावध', शेवटच्या दोन रकान्यांपायी. मशीन उगाच घाबरवतं. पिवळा काढून टाकला आणि लिहिलं, 'जा. दिवसभर बिनधास्त.' इतके दिवस ज्या लोकांनी मला भित्रा म्हटलं त्यांनी हे वाचावं. सही पण मोठी केली.

२३ एप्रिल, दुपार

अक्षर नीट येत नाही.

साडेअकराला योगीराजचा फोन आला. या वेळी त्यानं तब्येत विचारली नाही. सकाळी समुद्र खरंच गप होता, कप्तानानंही बघितलं. आठ वाजता माणसं वर चढली. दहाच्या पुढं, वारा नाही, आभाळात ढग नाही, काही नाही, आणि खालून पाणी फुगायला लागलं. लांबच लांब लाट, एक गेली की पंधरा सेकंदांनी दुसरी. बोट दोन मीटर वर जायची आणि तेवढीच खाली. त्या वेळी शिवकन्या शिडीवरून उतरत होती. बोट वर आली आणि शिडीवर आदळली. पोरीनं पाय वर घेतला म्हणून पाय राहिला. बूट गेला.

ती परत वर चढली. आता ती आणि आणखी दोघं मचाणावर अडकलेत. बोट लांब उभी आहे, जवळ येता येत नाही. ऊन आहे. पाणी किती नेलं होतं कोणाला माहीत नाही.

कमलला सांगावं लागलं. सगळंच सांगितलं. 'बिनधास्त' मी लिहिलं, पिवळा मी पुसला. वाटलं आता ती ओरडेल. ती खाली बसली, म्हणाली, "माझी लेक." मग थोड्या वेळानं उठून माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मला पाणी गेलं नाही. ती तिथं तहानलेली असेल आणि मी इथं पाणी पिऊ?

२३ एप्रिल, संध्याकाळ

चार वाजून चाळीस मिनिटांनी तिघंही उतरले. सुखरूप. शिवकन्या फोनवर म्हणाली, "आबा, मी बरी हाय, गुडघा सोलला." कमलनं फोन घेतला आणि मी मोरीत जाऊन रडलो.

२४ एप्रिल

योगीराजला राजीनामा पाठवला आणि सगळं कबूल केलं. बोटीवर माझी मुलगी आहे. आधी तिच्या भीतीनं नको नको लिहिलं, मग लोकांच्या बोलण्याच्या भीतीनं बिनधास्त लिहिलं. दोन्ही वेळा तक्ता वाचलाच नाही. लिहिताना कळलं की हे मी पहिल्यांदाच लिहितोय, या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.

ते वाचून त्यानं लगेच फोन केला. म्हणाला, "सर, मुलगी आहे हे मला माहीत होतं. तुमचं नाव तिनंच सुचवलं. म्हणाली, आबा नुसते घरी बसून झुरतील, त्यापेक्षा त्यांच्या हातात तक्ता द्या, त्यांच्याइतकं बारकाईनं कुणी बघणार नाही."

म्हणजे तीन आठवडे ती फोनवर 'म्हातारा' मलाच म्हणत होती! आधी राग आला, मग रडू आलं, मग परत थोडा राग आला.

योगीराज पुढं म्हणाला, "पण पिवळा पुसला ती चूक मी माफ करणार नाही. तुम्ही आम्हाला शिकवलंत, सर, नोंद खोडायची नाही. आता आठ दिवस बुलेटिन मी लिहितो. राजीनामा माझ्याकडं राहू दे. तुम्ही शेवटचे दोन रकाने शिका." बत्तीस वर्षांत मला कुणी असं सुनावलं नव्हतं. बरोबर बोलला.

२६ एप्रिल

वालूरहून मुंजाजी आला, माझा चुलतभाऊ. शेळ्यांच्या औषधासाठी परभणीला आला की जेवायला आमच्याकडंच असतो. मी ओट्यावर तक्ते पसरून बसलो होतो. त्याला सांगितलं, बघ बाबा, वारा नाही तरी लाट येते, आणि का येते ते मला कळत नाही. पुस्तकात आहे, पण डोक्यात शिरत नाही.

मुंजाजीनं कांदा फोडला. "दादा, त्यात काय हाय? आवंदा आपल्याकडं थेंब न्हवता, आभाळ कसं लख्ख, तरी दुधना नदीला पानी आलं का न्हाई?"

"ते वर धरणातून सोडलं होतं."

"मग! तुमच्या समुद्रालाबी कुनीतरी वरून सोडलं आसंल. मी आभाळ बघून शेळ्या पात्रात घालत न्हाई. वरल्या गावच्या गड्याला फोन लावतो, बाबा, तिकडं पानी सोडलंय का? मग किती वक्तानं इथं यील ते मोजतो."

मी तसाच भाकरी हातात धरून बसलो. मी वालूरचा. लहानपणी आईनं हजार वेळा सांगितलं होतं, कोरड्या नदीला भुलू नको. आणि मी मशीनचा पिवळा पुसला.

संध्याकाळी योगीराजकडून दक्षिणेचे जुने नकाशे मागवले. तेवीस तारखेच्या सात दिवस आधी, पार खाली हिंदी महासागरात मोठं वादळ झालेलं. तिथून ते पाणी निघालं आणि न थांबता चालत आलं. मला वरच्या गावाला फोन लावायचं सुचलं नाही.

३० एप्रिल

पाच दिवस शिकतोय. दक्षिणेला वादळ कुठं, लाट किती सेकंदांची, इथं यायला किती दिवस. रोज माझा अंदाज लिहितो आणि संध्याकाळी यंत्राच्या मोजणीशी ताडून बघतो. पहिल्या दिवशी सहा तास चुकलो. आज चाळीस मिनिटं. पार्वतीबाईंनी विचारलं, "भावजी, आता तरी कुरडया?" मी परभणीच्या हवेचा नकाशा बघितला, उत्तर दिलं, "दुपारी दोनच्या आत वाळवून घ्या, मग वावटळ येईल." सव्वादोनला आली. पार्वतीबाईंनी वाटीभर चिक पाठवला. कमलनं त्यात गूळ जास्त घातला, पण मी बोललो नाही.

संध्याकाळी शिवकन्याचा फोन आला. "आबा, परवापासून तुमीच लिव्हा."

मी म्हणालो, "शिवा, माझ्याच्यानं होणार नाही. मला भ्या वाटतंय." हा शब्द तिच्यासमोर मी कधी काढला नव्हता. मीच तिच्यापेक्षा लहान झाल्यासारखं वाटलं.

ती म्हणाली, "मलाबी वाटतंय. शिडीवर पाय ठेवताना रोज वाटतंय. पर रोज नको म्हननारा मानूस मला नको आन् बिनधास्त म्हननारा तर अजिबात नको. कधी जायाचं आन् कधी माघारी फिरायचं, तेवढं खरं सांगा. आमच्यात तुमच्यासारखं मिंटामिंटाचं कोन बघतंय?"

मी म्हणालो, "म्हातारा म्हणालीस मला."

"मग काय तरणे हाव का?" म्हणाली आणि हसून फोन ठेवला.

२ मे

पाच वाजून बारा मिनिटांनी बुलेटिन पाठवलं. शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवतो: 'जा. सहाला निघा. वारा नाही, पण त्यावर विसंबू नका. दक्षिणेची लांब लाट दहा वाजता पोचेल. नऊला सगळ्यांनी शिडी सोडायची. यंत्राचं काम अर्धवट राहिलं तरी सोडायची.' पिवळा रंग जागच्या जागी ठेवला. खाली आद्याक्षरं न लिहिता पूर्ण नाव लिहिलं, सूर्यभान, परभणी. योगीराजनं हरकत घेतली नाही.

साडेपाच ते नऊ मी काय केलं ते लिहिण्यात अर्थ नाही. कमल शेजारी बसली होती. तिला भीती वाटत होती, आणि मलाही. दोघांनी एकमेकांना ते सांगितलं.

नऊ वाजून चार मिनिटांनी बंदरातून निरोप आला, सगळे बोटीत. दहाला दहा कमी असताना धक्क्यावर. दहा वाजून सहा मिनिटांनी मचाणावरच्या यंत्रात पहिली मोठी लाट उमटली. शिवकन्यानं नुसता एक आकडा पाठवला, 'सहा मिनिटं.' म्हणजे मी इतका चुकलो होतो. दुसरा निरोप आला, 'यंत्राचं काम दोन दिवसांत उरकंल, आबा. उद्याचं काय?'

दुपारभर तक्ता बघितला. आजची लाट रात्रीत ओसरेल, पुढं दक्षिण शांत आहे. सकाळी सहा ते दुपारी तीन लाट एक मीटरच्याही आत. उद्याही 'जा' आहे, आकडे तसंच सांगतात. तरी भ्या वाटतंय. ते लिहायला बुलेटिनात रकाना नाही, म्हणून इथं लिहिलं.